रायपूरचे उद्याचे पाणी

रायपूर शहराच्या पूर्व अंगास शंकरनगर नावाची वसाहत आहे. रुंद रस्ते, पक्की घरे, मधूनमधून अधिकाऱ्यांचे आणि मंत्र्यांचे बंगले आणि थोडे चालून गेले की तेलीबांध्याचा विस्तीर्ण तलाव, असे तिचे रूप आहे. या वसाहतीच्या आसपास नदी मात्र नाही. रायपूरची नदी खारून. ती शहराच्या पश्चिमेकडून वाहते. तिच्या काठी भाटागावच्या बंधाऱ्यापाशी पाणी उचलले जाते, शुद्ध केले जाते आणि मोठमोठ्या नळ्यांतून अवघे शहर ओलांडून शंकरनगरासारख्या दूरच्या वसाहतींपर्यंत पोचते. उन्हाळा वाढला की खारून क्षीण होते. मग धमतरीच्या पलीकडे, रायपूरपासून सुमारे ९० किलोमीटरवर असलेल्या गंगरेलच्या धरणातून पाणी सोडतात. ते महानदीच्या कालव्यांनी येऊन खारून नदीत उतरते आणि तेथून पुन्हा भाटागावला उचलले जाते. शंकरनगरातील गृहिणी वैशाखात जो हंडा भरते, त्यातील पाणी असे दोन नद्यांचे आणि एका कालव्याचे असते.

शहर वाढत आहे. आणखी वीस वर्षांनी, तीस वर्षांनी त्याला किती पाणी लागेल आणि ते कोठून आणावयाचे, हा प्रश्न रायपुरात वारंवार चर्चिला जातो. या चर्चेत एक गोष्ट सहसा विसरली जाते. उद्यासाठी म्हणून जे पाणी नकाशावर दाखविले जाते, ते आज रिकामे पडून राहिलेले नसते. त्यावर कोणाचे तरी शेत भिजत असते, कोणाचे तरी गाव जगत असते, किंवा ते खालच्या अंगाला दुसऱ्या राज्यात वाहत जात असते. तेव्हा भावी मागणीची तजवीज करावयाची म्हणजे कोणाच्या वाट्यातून किती घ्यावयाचे आणि स्वतःच्या घरातले किती वाचवावयाचे, हे ठरविणे होय. रायपूरच्या पाण्याचा इतिहास पाहिला तर हे ठरविणे किती अवघड आहे आणि किती वेळा टाळले गेले आहे, हे ध्यानात येते.

छत्तीसगड हा मूळचा तलावांचा मुलूख. तेथे जुन्या गावाचे वैभव सांगताना ‘छै आगर छै कोरी’ तलाव होते असे सांगतात. कोरी म्हणजे वीस. सहा विसा आणि वर सहा, मिळून १२६. प्रत्येक गावी खरोखरच तितके तलाव असतील असे नव्हे, परंतु गावाची प्रतिष्ठा तलावांच्या संख्येत मोजावी ही कल्पनाच बोलकी आहे. रायपूर यास अपवाद नव्हते. बुढा तलाव कलचुरी राजांच्या काळचा, किल्ल्याइतकाच जुना मानला जातो. कंकाली तलाव गोसावी महंतांनी सर्व बाजूंनी दगडाने बांधून काढला. महाराजबंध तलावाच्या बांधाजवळ बिंबाजी भोसल्यांच्या काळातले रामचंद्राचे मंदिर आहे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता या मुलखावर आली, तिच्याबरोबर मराठी कारकून, शिलेदार आणि वैदिक आले, आणि तात्यापाऱ्यासारख्या वस्तीत त्यांचे वंशज मराठी बोलत राहिले. या मंडळींना नर्मदा-गोदावरी कितीही पूज्य असल्या तरी त्यांचे रोजचे स्नान याच तलावांवर होत असे.

हे तलाव केवळ खड्डे नव्हते. गावाच्या उतारावर वरचा तलाव भरला की त्याचा सांडवा खालच्या तलावात जावा, तेथील पाणी आणखी खाली शेतात उतरावे, अशी त्यांची साखळी असे. पिण्याचे पाणी एका तलावाचे, स्नानाचे दुसऱ्याचे, गुरांचे तिसऱ्याचे, असा रिवाज होता. घाटाच्या पायऱ्यांना तेथे ‘पचरी’ म्हणतात. त्या पचरीवर उभे राहिले की पाणी किती उतरले ते कोणालाही दिसे. फाल्गुनात पाचवी पायरी उघडी पडली तर ज्येष्ठापर्यंत कसे पुरवावयाचे, याचा विचार आपोआप सुरू होई. भावी मागणीचा हिशेब म्हणून आज जे मोठमोठ्या तक्त्यांत मांडतात, ते त्या काळी पायऱ्यांवर मांडलेले असे. अर्थात या व्यवस्थेला उगाच सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. तलावाच्या पाण्याबरोबर पटकी येत असे, आणि घाटावर कोणी उतरावे व कोणी उतरू नये याचे जातींचे नियम कठोर असत.

१८१८ नंतर कर्नल अॅग्न्यू याने छत्तीसगडचे ठाणे रतनपुराहून रायपुरास हलविले, १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, आणि रायपूर हे जिल्ह्याचे आणि विभागाचे मुख्य ठिकाण बनले. पुढे रेल्वे आली. कचेऱ्या, पेढ्या आणि गोदामे वाढली. पटकीच्या साथींनी इंग्रज अधिकारी धास्तावले होते. अशा वेळी १८९२ मध्ये रायपुराला नळाचे पाणी मिळाले. त्या योजनेला ‘बलरामदास वॉटर वर्क्स’ असे नाव पडले, कारण खर्चाचा मोठा भार नांदगावचे राजे बलरामदास यांनी उचलला होता. नांदगावची गादी वैरागी महंतांची. शेजारच्या संस्थानाच्या अधिपतीने आपल्या सीमेबाहेरच्या शहराला पाणी पाजण्यासाठी द्रव्य द्यावे, ही घटना त्या काळी जितकी कौतुकाची वाटली असेल तितकीच आजही वाटावी.

या योजनेची रचना मोठी शहाणपणाची होती. खारून नदीच्या वाळूखाली सच्छिद्र भिंतींची एक लांब गॅलरी बांधली होती. नदीचे पाणी वाळूच्या थरांतून झिरपत त्या गॅलरीत उतरे. वाटेत वाळूच त्याचा गाळ आणि बरीचशी घाण अडवून ठेवी. वर नदीचा प्रवाह आटला तरी वाळूच्या पोटात ओल शिल्लक राही. हे स्वच्छ झालेले पाणी वाफेच्या पंपांनी शहराकडे चढविले जाई. नदीत वाळू आहे आणि वरच्या अंगाला नदी स्वच्छ आहे, या दोन गोष्टींवर सगळी योजना उभी होती. आज ज्यांना खारून नदीच्या पात्रातून वाळूचे ट्रक भरताना दिसतात, त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. घर बांधण्यासाठी जी वाळू जाते, तीच एके काळी शहराचे गाळणे होती.

१९०१ च्या शिरगणतीत रायपूरची वस्ती ३२ हजारांच्या आसपास होती. त्या वस्तीला ही व्यवस्था पुरून उरली. परंतु नळ घरी आला तसे तलावाकडे जाणे कमी झाले. ज्याचे पाणी प्यावयाचे नाही त्याचा गाळ काढण्यास कोण पुढे येणार? पुढच्या काळात शहराला जागा हवी झाली तेव्हा ती तलावांच्या पोटातून काढली गेली. राजबंधा तलाव बुजला. आज ‘राजबंधा मैदान’ एवढे नावच शिल्लक आहे, आणि जेथे पाणी होते तेथे वृत्तपत्रांच्या कचेऱ्या उभ्या आहेत. बुढा तलावाचे क्षेत्रही पूर्वीच्या मानाने पुष्कळ आटले.

वस्ती मात्र आटत नव्हती. १९५६ पर्यंत रायपूरची राजधानी नागपूर होती. त्या साली राज्यांची पुनर्रचना होऊन ती भोपाळला गेली. १९५९ मध्ये जवळच भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली. १९६४ साली रायपुरात विद्यापीठ निघाले. उरला, सिलतरा या बाजूस कारखाने आले. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य जन्मास आले आणि रायपूर त्याची राजधानी झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या दहा लाखांवर गेली. म्हणजे एकशे दहा वर्षांत तीसपटीहून अधिक वाढ झाली. शंकरनगर, देवेंद्रनगर, अवंती विहार यांसारख्या वसाहती या वाढीच्या साक्षी आहेत. नदीपासून दूर, शहराच्या उलट टोकाला त्या वसल्या. घर बांधताना पाणी कोठून येईल हा प्रश्न बांधणाराने विचारला नाही, कारण नळ येईल हे गृहीतच होते.

आणि नळ आला, कारण महानदीवर धरण होते. पण ते धरण, आणि त्यापूर्वीचे कालवे, शहरासाठी बांधलेले नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी दुष्काळांनी छत्तीसगडची दैना केली तेव्हा धमतरीजवळ रुद्री येथे महानदीवर बंधारा घालून कालवे काढण्यात आले. त्यांना पाण्याचा साठा मिळावा म्हणून १९२३ मध्ये मुरुमसिल्लीचे धरण पुरे झाले. आपोआप सुरू होणाऱ्या वक्रनलिकांनी जादा पाणी बाहेर टाकण्याची त्याची युक्ती स्थापत्याच्या अभ्यासकांना आजही पाहावीशी वाटते. हे सर्व धानासाठी होते.

या कालव्यांच्या काठी १९२० मध्ये एक प्रसंग घडला. तो पाण्याच्या हक्काविषयी विचार करणाऱ्या प्रत्येकाने समजून घेण्याजोगा आहे. धमतरीजवळ कंडेल नावाचे गाव आहे. कालव्याच्या पाण्यासाठी गावाने दहा वर्षांचा करार करावा असा सरकारचा आग्रह होता. गावकऱ्यांनी हिशेब केला, आणि त्यांना असे दिसले की करारापोटी जी रक्कम द्यावी लागेल तेवढ्यात गावाला स्वतःचा तलाव बांधता येईल. त्यांनी करार नाकारला. पुढे पावसाळ्यातच कालव्याचे पाणी गावाच्या शेतांत शिरले, आणि पाणी चोरल्याचा आरोप ठेवून सरकारने गावाला दंड केला. दंड भरला नाही म्हणून गुरे जप्त केली. जप्त गुरे बाजारोबाजार लिलावास नेली, पण बोली बोलावयास कोणी पुढे येईना. पंडित सुंदरलाल शर्मा, बाबू छोटेलाल श्रीवास्तव आणि नारायणराव मेघावाले हे या सत्याग्रहाचे पुढारी. यांपैकी मेघावाले हे मराठी माणूस. अखेर सरकारला माघार घ्यावी लागली. गांधीजींच्या त्या वर्षीच्या डिसेंबरातील छत्तीसगड-भेटीचा संबंधही याच सत्याग्रहाशी जोडला जातो.

कंडेलचा वाद दंडाच्या रकमेपुरता नव्हता. आकाशातून पडलेले पाणी कालव्यात शिरताच कोणाचे होते, हा तो वाद होता. तो पुढे मिटला असे वाटते, पण त्याने केवळ रूप बदलले.

स्वातंत्र्यानंतर महानदीवर मोठ्या धरणाचा संकल्प झाला, आणि १९७० नंतरच्या दशकात गंगरेल येथे ते उभे राहिले. मध्यप्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री पंडित रविशंकर शुक्ल यांचे नाव त्याच्या जलाशयाला दिले आहे. उपयोगी साठा सुमारे ७७ कोटी घनमीटर. त्याच्या पोटात पन्नासच्या आसपास गावे गेली. अंगारमोती देवीचे स्थान पाण्याखाली जाणार म्हणून ते हलवून काठावर आणावे लागले. आजही बुडालेल्या गावांचे लोक तेथे दर्शनास जमतात. शंकरनगरातील नळ सोडताना या गावांची आठवण कोणाला होत असेल असे नाही, आणि तशी अपेक्षा करणेही कठोर होईल. परंतु पाण्याची किंमत मांडताना पंप, नळ्या आणि तुरटी एवढेच मांडले तर हिशेब अपुरा राहतो.

या धरणाच्या मानाने शहराची तहान केवढी आहे? शासकीय मानकाप्रमाणे गटारांची सोय असलेल्या शहरात दर माणशी दररोज १३५ लिटर पाणी द्यावे असे धरतात. दहा लाख वस्तीला दिवसाला साडेतेरा कोटी लिटर, म्हणजे वर्षाला सुमारे पाच कोटी घनमीटर पाणी लागेल. गंगरेलच्या उपयोगी साठ्याचा हा साधारण पंधरावा हिस्सा झाला. वस्ती दुप्पट झाली तरी आठवा हिस्सा पुरावा. हे आकडे पाहून धीर येतो, आणि तो धीर सर्वस्वी खोटा नाही. सामान्य पावसाच्या वर्षी रायपूर तहानेने मरणार नाही.

पण शेताच्या बाजूने पाहिले तर हेच आकडे निराळे बोलतात. उन्हाळी धानाच्या एका हेक्टरला निदान एक मीटर उंचीचे पाणी लागते, म्हणजे एक कोटी लिटर. वर सांगितलेल्या मानाने तेवढ्यात दोनशे माणसांचा वर्षभराचा निर्वाह होतो. याचा अर्थ असा की दहा लाखांच्या शहराची वर्षाची गरज आणि पाच हजार हेक्टर उन्हाळी धानाची गरज सारखीच. शहरात राहणारा म्हणेल, मग उन्हाळी धान पिकविताच कशाला? २०१७ च्या अपुऱ्या पावसानंतर राज्य शासनाने उन्हाळी धानाच्या लागवडीवर निर्बंध घातले, तेव्हा हेच समर्थन होते, आणि ते चुकीचे म्हणता येत नाही. पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम असावा हे राष्ट्रीय जलनीतीतही मान्य केलेले आहे. परंतु ज्या कुटुंबाचे उन्हाळी पीक गेले त्याला शहराने काय दिले, या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. शहर पैसे देते ते पाणीपट्टी म्हणून, महापालिकेला. कंडेलच्या शेजारच्या गावात पीक सोडून देणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती त्यातले काही पोचत नाही.

दूरच्या धरणावर विसंबलेल्या शहराला आणखी एक भय असते. रायपूरची जुनी राजधानी नागपूर हिचा अनुभव या बाबतीत ताजा आहे. नागपूरने प्रथम अंबाझरीचे पाणी प्यायले, मग गोरेवाड्याचे, मग कन्हान नदीचे आणि शेवटी पेंच प्रकल्पाचे. पेंच हाताशी असताना नागपूरला कशाची उणीव, असे सर्वांना वाटे. पण पेंच नदीच्या वरच्या अंगाला मध्यप्रदेशात चौराईचे धरण झाले, पावसाने ओढ दिली, तोतलाडोहचा जलाशय तळाला गेला, आणि २०१९ च्या जुलैत नागपुरात एक दिवस आड पाणी देण्याची पाळी आली. मुंबईची कहाणी वेगळी असली तरी तिचा कल तोच आहे. १८६० मध्ये विहार, १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये, म्हणजे रायपुरात नळ आले त्याच वर्षी, तानसा. पुढे १९५७ मध्ये वैतरणा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. प्रत्येक वेळी पाणी अधिक दुरून आले, आणि ज्या शहापूर तालुक्यातून ते आले तेथील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या बाया उभ्याच राहिल्या.

महानदीवर रायपूर वरच्या अंगाला आहे, एवढे त्याचे भाग्य. पण वरच्या अंगाला असणे म्हणजे सर्व पाण्याचे धनी असणे नव्हे. खाली ओडिशात १९५७ पासून हिराकूड उभे आहे. छत्तीसगड वरच्या वर बंधारे घालून उन्हाळ्याचा प्रवाह अडविते, अशी ओडिशाची तक्रार आहे, आणि तिचा निवाडा करण्यासाठी २०१८ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने लवाद नेमला. रायपूरच्या पुढील तीस वर्षांच्या योजनेत महानदीवर किती भार टाकता येईल, हे यापुढे एकट्या रायपूरने ठरवावयाचे राहिलेले नाही.

भावी मागणीचे अंदाज कसे बांधतात, हेही पाहण्यासारखे आहे. मागील जनगणनांवरून वाढीचा दर काढतात, तो पुढे लांबवितात, माणशी पाण्याच्या प्रमाणाने गुणतात आणि वर कारखान्यांची मागणी मिळवितात. यांतील कारखान्यांचा आकडा बहुधा इच्छेचा असतो. याचे धडधडीत उदाहरण रायपूरच्या शेजारीच आहे. दुर्गजवळ बोरई येथे औद्योगिक वसाहत निघाली. तिची पाण्याची मागणी फार मोठी होईल असे धरून १९९८ मध्ये शिवनाथ नदीवर बंधारा बांधण्याचे आणि पाणी पुरविण्याचे काम बावीस वर्षांच्या कराराने एका खाजगी कंपनीकडे देण्यात आले. करारातील अट अशी की रोजचे ठरलेले ४० लाख लिटर पाणी सरकारी महामंडळाने उचलले नाही तरी त्याचे पैसे त्याने द्यावेत. कारखान्यांची मागणी अंदाजाइतकी झाली नाही; पैसे मात्र द्यावे लागले. आणि नदीच्या त्या पट्ट्यात पिढ्यानपिढ्या मासे धरणाऱ्या केवटांना आणि काठच्या बागाईतदारांना आपल्याच नदीत उतरण्यास मज्जाव झाला. पुढे विधिमंडळाच्या समितीने या करारावर कठोर ताशेरे ओढले. तेव्हा भविष्याचा अंदाज कमी पडला तर लोक तहानेले राहतात, आणि तो फुगविला तरी कोणीतरी पाण्यास मुकतेच.

म्हणून नवे पाणी शोधण्याआधी हाती आहे ते कोठे जाते, हे पाहणे इष्ट. पाणी पंपाने चढविले म्हणजे ते सगळे नळाला पोचते असे नाही. जुन्या नळ्या गंजतात, सांधे सुटतात, चोरून जोडण्या घेतल्या जातात. समजा, भाटागावाहून शंभर घागरी निघाल्या आणि वाटेत तीस सांडल्या. तर दहा लाख वस्तीच्या मानाने ही गळती तीन लाख माणसांच्या वाट्याएवढी झाली. तितके पाणी नव्याने आणावयाचे तर धरणात जागा मागावी लागेल आणि शेतकऱ्याशी भांडावे लागेल. गळती थांबविण्यासाठी फक्त रस्ता खणावा लागतो. पण धरणाचे उद्घाटन होते, त्याच्या कोनशिलेवर नाव कोरतात. सांधलेल्या नळीवर कोणाचे नाव कोरीत नाहीत. लोकप्रतिनिधींचा ओढा कोणीकडे असणार हे सांगावयास नको.

गळतीचा प्रश्न केवळ पाणी वाया जाण्याचा नाही. रायपुरात २०१४ मध्ये काविळीची मोठी साथ आली आणि माणसे दगावली; २०२० च्या एप्रिलमध्ये ती पुन्हा उद्भवली. दाट वस्तीत नळाच्या नळ्या गटारांमधून टाकलेल्या होत्या. पाणी दिवसातून थोडाच वेळ सुटते. उरलेल्या वेळात नळी रिकामी असते आणि तिच्यातील दाब नाहीसा होतो. अशा वेळी जेथे नळीला भोक आहे तेथून बाहेरचे पाणी आत शिरते. भर म्हणून घरोघर टुल्लू पंप लावलेले असतात. ते नळीतून पाणी ओढताना गटारातले पाणीही ओढून घेतात. शंकरनगरातील बंगल्याला आपली टाकी असते, गाळणयंत्र असते, त्यामुळे हा धोका तेथे जाणवत नाही. नहरपाऱ्यातील किंवा आमापाऱ्यातील मुलाला तो जाणवतो. ज्या विहिरीचे पाणी गढूळ झाले तिच्यात सगळा गाव डोकावून पाहत असे. पुरलेल्या नळीत कोण डोकावणार?

या दुखण्यावर उपाय नाही असे मात्र नाही. साताऱ्याच्या कऱ्हाडजवळ मलकापूर नावाचे लहानसे शहर आहे. २००९ च्या सुमारास तेथे प्रत्येक घराला मीटर बसवून चोवीस तास पाणी देण्यास प्रारंभ झाला. दर असे ठेवले की गरजेपुरते पाणी स्वस्त आणि त्यापलीकडचे उत्तरोत्तर महाग. चोवीस तास नळ चालू ठेवला तर लोक नासाडी करतील, अशी पुष्कळांना भीती होती. झाले उलटेच. पाणी केव्हाही येणार हे कळल्यावर लोकांनी पिंपे भरून ठेवणे आणि दुसऱ्या दिवशी ती ओतून टाकणे सोडून दिले. नळीत सतत दाब राहिल्यामुळे बाहेरची घाण आत शिरण्याचे भय उरले नाही. मलकापूर लहान आणि रायपूर मोठे, हे खरे; परंतु रायपूर म्हणजे शेवटी अनेक मलकापुरेच. एकेका टाकीच्या क्षेत्रापासून आरंभ करता येतो. शंकरनगरासारख्या सधन वसाहतीपासून तो केला तर मीटरचे ओझे गरिबावर प्रथम पडले, असा आक्षेप घेण्यासही जागा उरणार नाही.

भूजलाविषयी थोडे सांगितले पाहिजे. रायपूर चुनखडीच्या खडकावर वसले आहे. या खडकात भेगा आणि पोकळ्या असतात. पाणी त्यांत साठते. त्यामुळे एका घरची विंधनविहीर धो धो वाहते आणि शेजारच्या घरी दोनशे फुटांवरही धूळच निघते. नळाचे पाणी कमी पडले की जो तो विंधनविहीर घेतो, आणि अशी प्रत्येक विहीर शेजाऱ्याच्या पोकळीतूनच पाणी ओढते. या पोकळ्या भरण्याचे काम एके काळी तलाव करीत असत. उरलेल्या तलावांभोवती दिव्यांच्या रांगा आणि फिरावयाच्या वाटा झाल्या आहेत. तेलीबांध्याला तर लोक ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणू लागले. संध्याकाळी तेथे हवा खावयास येणाऱ्यांचा आनंद हिरावून घेण्याचे कारण नाही. पण तलावाकडे पावसाचे पाणी ज्या ओहोळांनी येई ते मोकळे आहेत की नाहीत, हे काठावरच्या फरशीपेक्षा अधिक महत्त्वाचे आहे.

कारखान्यांसाठी तरी शुद्ध पाणी का वापरावे, हाही प्रश्न आहे. चंदनीडीह, कारा, निमोरा येथे शहराच्या सांडपाण्यासाठी शुद्धीकरणाची केंद्रे गेल्या काही वर्षांत उभी राहिली. शहराला दिलेल्या पाण्याचा मोठा भाग सांडपाण्याच्या रूपाने परत येतो आणि तो वैशाखातही आटत नाही. लोखंड थंड करण्यास हे पाणी पुरेसे आहे. नागपूरच्या सांडपाण्यावर कोराडीचे वीजकेंद्र अशाच रीतीने पाणी वापरते. सिलतऱ्याच्या भट्ट्यांना ते मिळाले तर तितकेच नदीचे पाणी मोकळे होईल आणि खाली खारून नदीत मिसळणारी घाणही कमी होईल.

राहता राहिला वाटणीचा प्रश्न. महाराष्ट्रात धरणांतील साठा ऑक्टोबरच्या मध्याला पाहतात. पाऊस संपलेला असतो, रब्बीच्या पेरण्या व्हावयाच्या असतात. पुढील पावसाळ्यापर्यंत पिण्यासाठी लागणारे पाणी आधी बाजूला काढून मग उरलेल्याचे आवर्तन कालवा सल्लागार समितीत ठरते. ही पद्धत कागदावर दिसते तितकी निर्दोष चालत नाही. बलवानाच्या उसाला पाणी मिळते अशी तक्रार तेथेही आहे. तरीपण हिशेब सर्वांसमोर मांडला जातो, ही गोष्ट लहान नव्हे. गंगरेलच्या बाबतीत असा हिशेब दरवर्षी ऑक्टोबरात मांडावयाचा तर त्या बैठकीस पाटबंधारे खात्याचे अभियंते असतील, महापालिकेचे आणि भिलाईच्या कारखान्याचे प्रतिनिधी असतील. धमतरीच्या धानकऱ्यालाही त्या बैठकीत खुर्ची हवी, आणि उन्हाळी पीक सोडण्यास त्याला सांगावयाचे असेल तर ते पेरणीच्या आधी सांगावयास हवे, भरपाईच्या रकमेसह. ती रक्कम शहराच्या पाणीपट्टीतून यावी. शंकरनगरातील घरटी ती फार होणार नाही. महिन्याकाठी पाण्याच्या काही बाटल्या विकत घेण्यास जेवढे लागते, बहुधा त्याहून कमीच.